भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे नेमकं किती सांगतात?

प्रश्न असा आलाय. लातूरकडचे एक वकील आहेत, नवीनच सनद घेतलेली, त्यांच्याकडं आरोपीच्या बाजूनं खुनाची फाइल आलीय. घटनास्थळ पंचनाम्यात रक्ताबद्दल एकच ओळ, ‘पश्चिमेकडील भिंतीवर रक्ताचे शिंतोडे दिसून आले’. सरकार पक्षाचं म्हणणं, बाजेवर झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काठी घातली. आरोपीचं म्हणणं, तो दारू पिऊन आला, उंबऱ्यावर आपटला आणि डोकं फुटलं. तर डागांवरून यातलं खरं कोणतं ते कळतं का, आणि कळलं तरी कोर्टात टिकतं का, असं त्यांनी विचारलंय.

वकीलसाहेब, कळतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही, आणि टीव्हीवरच्या मालिका बघून सरकार पक्षाला वाटतं तेवढं तर मुळीच नाही. मी वीस-बावीस वर्षं घटनास्थळं बघत मराठवाडा पालथा घातला, पत्र्याची घरं, शेतातले आखाडे, उसाचे फड, लॉज, एसटी स्टँडामागच्या मुताऱ्या, सगळीकडं गुडघ्यावर बसून डाग मोजले, आता रिटायर आहे म्हणून जरा मोकळं बोलता येतं.

आधी साधी गोष्ट. रक्ताचा थेंब हवेत गोल असतो, अश्रूसारखा टोकदार नसतो. तो भिंतीवर सरळ नव्वद अंशात आदळला की डाग गोल पडतो, तिरका आदळला की लांबट पडतो, जितका तिरका तितका लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी, त्याचा साइन इन्व्हर्स काढला की आदळायचा कोन मिळतो, बास, दहावी-अकरावीची त्रिकोणमिती आहे. रुंदी ५ मिमी आणि लांबी १० मिमी असली तर ०.५, म्हणजे ३० अंश. शेपटी मात्र लांबीत धरायची नाही, नवीन पोरं हमखास तिथं चुकतात, शेपटीसकट मोजलं की कोन उगाच लहान निघतो. शेपटी फक्त दिशा दाखवायला, थेंब जिकडं चालला होता तिकडं तिचं टोक असतं. एक गंमत सांगतो, मोठ्या थेंबातून उडालेला बारका उपथेंब असतो त्याची शेपटी उलटी, म्हणजे मोठ्या डागाकडं तोंड करून असते, ते माहीत नसलं तर माणूस अख्खं घटनास्थळ उलटं वाचतो.

आता हे तुमच्या भिंतीला लावून बघू. भिंतीवरचे चांगले आठ-दहा डाग निवडायचे, प्रत्येकाच्या लांबीच्या रेषेनं मागं रेघ ओढायची, त्या रेघा साधारण जिथं एकमेकींना छेदतात ती जागा धरायची. समजा ती जागा जमिनीपासून पावणेदोन फुटावर आली. आणि त्या जागेपासून ९० सेंटिमीटर अंतरावरच्या डागाचा कोन ३० अंश निघाला. तर ९० गुणिले टॅन ३०, म्हणजे साधारण ५२ सेंटिमीटर, रक्त भिंतीपासून एवढ्या अंतरावरून उडालं. पावणेदोन फूट उंच आणि भिंतीपासून दीड-पावणेदोन फूट पुढं, तिथं काय असतं? आपल्याकडच्या घरात तिथं बाज असते. उभ्या माणसाचं डोकं तिथं नसतं. पण जमिनीवर पडल्यावर उठायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचं डोकं तिथं असू शकतं, हे पण लक्षात घ्या, कारण तुमच्या बचावाला तेच लागणार आहे. आणि ही सरळ रेघांची पद्धत उंची नेहमी जास्तच दाखवते, कारण थेंब खरं तर वळत वळत खाली येत असतो आणि आपण त्याला सुतासारखा सरळ धरतो. म्हणून अहवालात ‘पावणेदोन फुटावरून’ असं कोणी लिहिलं असेल तर ते चूक, ‘पावणेदोन फूट किंवा त्याच्या खालून’ असं पाहिजे.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात कामाचा मुद्दा वेगळाच आहे. पहिल्या घावाला शिंतोडे सहसा उडत नाहीत. कातडी फुटते, रक्त यायला लागतं, आणि ओल्या रक्तावर दुसरा घाव बसला की मग उडतात. माणूस एकदाच उंबऱ्यावर आपटला तर रक्ताचं थारोळं होईल, केसांना, कपड्याला लागेल, उंबऱ्यावर डाग पडेल, पण तीन फूट लांब भिंतीवर बारक्या ठिपक्यांचा फवारा उडणं अवघड आहे. अवघड म्हणतोय, अशक्य नाही म्हणत. धमनी कापली गेली असेल तर पिचकारी उडते, ती नाडीबरोबर कमी-जास्त होते आणि भिंतीवर लाटेसारखी दिसते. तोंडानाकात रक्त गेलं आणि माणूस खोकला तरी बारीक शिंतोडे उडतात. या दोन्ही शक्यता पीएम रिपोर्ट, म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल, बघितल्याशिवाय खोडता येत नाहीत. म्हणून डाग एका हातात आणि पीएम दुसऱ्या हातात घेऊनच बसायचं, नुसत्या डागावर मत देणारा तज्ज्ञ दिसला तर त्याला तिथंच धरा.

खोकल्याचं का सांगतोय, तर तिथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. नोकरीची सुरुवातीची वर्षं. बाजाराच्या गावात मारामारी, एकजण मेला, संशयिताच्या पँटवर गुडघ्यापासून खाली बारीक ठिपके, मिलिमीटरभराचे, वीसेक असतील. मी ऐटीत तपास अधिकाऱ्याला सांगून मोकळा झालो की साहेब हा मारताना जवळ होता, हे मारतानाचेच शिंतोडे आहेत. दोन दिवसांनी कळलं की जखमीला ॲपे रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा हाच पोरगा, त्याच्याच मांडीवर डोकं होतं आणि जखमी सगळ्या रस्त्यात रक्त खोकत होता. मग पँट परत मागवली, भिंगाखाली धरली, तर काही ठिपक्यांच्या मधोमध फुटलेल्या बुडबुड्याची गोल कड दिसली, दोनचार ठिकाणी लाळेचे धागे वाळलेले. पहिल्याच दिवशी भिंग लावलं असतं तर दिसलं असतं. तो पोरगा दोन रात्री लॉकअपमध्ये होता. आमच्या सिनिअरनी मला एक शब्द बोलला नाही, फक्त पँट माझ्या टेबलावर आठवडाभर ठेवून दिली.

हीच चूक अमेरिकेत केवढ्याला पडली बघा. इंडियाना राज्यात डेव्हिड कॅम म्हणून एक माजी पोलीस, २००० साली त्याची बायको आणि दोन लेकरं घरच्या गॅरेजमध्ये गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर आठ बारके ठिपके. सरकारी तज्ज्ञ म्हणाले हे गोळी झाडताना उडालेले, बचावाचे तज्ज्ञ म्हणाले पोराला गाडीतून बाहेर काढताना पोरीच्या केसांचं रक्त घासून लागलेलं. दोन्हीकडं नावाजलेले लोक, शर्ट एकच, ठिपके तेच. दोनदा शिक्षा झाली, दोनदा रद्द झाली, आणि तिसऱ्या खटल्यात २०१३ साली तो निर्दोष सुटला. तेरा वर्षं गेली. कापडावरचा डाग हा या शास्त्राचा सगळ्यात कच्चा कोपरा आहे, कारण कापड रक्त ओढून घेतं, पसरवतं, विणीप्रमाणं आकार बदलतं. काचेवर, फरशीवर जे ठामपणे बोलता येतं ते धोतरावर, लुगड्यावर बोलता येत नाही.

तसं हे शास्त्र जुनं आहे. १८९५ साली पिओत्रोव्स्की नावाच्या माणसानं सशांवर प्रयोग करून डोक्याच्या घावातून रक्त कसं उडतं ते लिहून ठेवलं. कोर्टात गाजलं ते मात्र ओहायोच्या डॉक्टर सॅम शेपर्डच्या केसमध्ये, १९५४ साली त्याच्या बायकोचा खून झाला, पुढच्या वर्षी पॉल कर्क यांनी खोलीतल्या डागांवरून शपथपत्र दिलं की मारणारा डावखुरा असावा, आणि १९६६ च्या फेरखटल्यात शेपर्ड सुटला. मग पुढं याचं पीकच आलं, पाच-पाच दिवसांचे कोर्स करून लोक तज्ज्ञ म्हणून पिंजऱ्यात उभे राहायला लागले. शेवटी २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालानं साफ लिहिलं की या तज्ज्ञांची मतं बहुतेकदा शास्त्रीय कमी आणि व्यक्तिनिष्ठ जास्त असतात आणि यातली अनिश्चितता प्रचंड आहे. उलटतपासणीला हे वाक्य कामाचं आहे, पण जपून वापरा, त्या अहवालानं हे शास्त्र मोडीत काढलेलं नाही, काही गोष्टींना पक्का आधार आहे असंही त्यातच म्हटलंय. आणि अजून एक, तुमच्या फाइलीत कुठं ‘मध्यम वेगाचे शिंतोडे’, ‘उच्च वेगाचे शिंतोडे’ असले शब्द दिसले तर समजा की लिहिणारा जुन्या नोट्सवरून लिहितोय, ती वर्गवारी आता सोडून दिलीय. ठिपका बारीक म्हणजे बंदूकच, असं नसतं, शिंक आणि माशी दोन्ही बारीक ठिपके करतात.

माशीवरून आठवलं. मे महिन्यात आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत बंद खोलीत दीड दिवस मढं पडलेलं असतं, माश्या रक्त पितात, मग भिंतीवर, बल्बवर, खिडकीच्या गजावर बसून ओकतात आणि हगतात. एक-दोन मिलिमीटरचे ठिपके, अगदी फवारा उडाल्यासारखे. आणि कहर म्हणजे त्याची टेस्ट घेतली तर रक्त म्हणून पॉझिटिव्ह येते, डीएनए पण मयताचाच निघू शकतो, कारण रक्त त्याचंच आहे ना! ओळखायचं कसं? शेपट्यांच्या दिशांना ताळमेळ नसतो, रेघा मागं ओढल्या की कुठंच जुळत नाहीत, आणि जिथं रक्त पोचायचं कारणच नाही तिथंही ठिपके असतात. लोंबत्या बल्बवर ठिपके दिसले की मी आधी माशीलाच आरोपी धरायचो.

दुसरा खोटा साक्षीदार गुटखा. जुन्या, वाळलेल्या, चुन्याच्या भिंतीवरच्या पिचकाऱ्या बघून पंचांनी बिनधास्त ‘रक्तासारखे डाग’ लिहिलेलं मी कितीदा वाचलंय. यासाठीच प्राथमिक टेस्ट असते, फिनॉल्फ्थॅलिनची, कास्टल-मेयर म्हणतात, गुलाबी झालं की रक्त असू शकतं. असू शकतं, आहेच असं नाही, मुळ्यासारख्या भाज्यांमधल्या एन्झाइमनं सुद्धा ती फसू शकते. ल्युमिनॉलचं तसंच. अंधार करून फवारलं की धुतलेलं रक्त निळं चमकतं, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण तांब्याचा हंडा आणि ब्लीचिंग पावडरसुद्धा तशीच चमकतात. एका घरात आम्ही फवारलं तर मोरी सगळी लखलखली, जमादार म्हणाले सापडलं साहेब, आणि म्हातारी दारातून म्हणाली, ‘तांब्याचं घंगाळ घासते मी तिथं रोज, अजून काय सापडायचंय’. फवारायच्या आधी फोटो काढून घ्यायचे हे तर सांगायलाच नको, फवाऱ्यानं डाग ओघळतो आणि आकार जातो.

धुण्यापेक्षा आपल्याकडं सारवणं जास्त. एका ओसरीत आम्ही गेलो, सण नाही वार नाही आणि जमीन ताजी सारवलेली, ती पण अर्धीच, दारापासून उतरंडीपर्यंत. घरातली बाई म्हणाली शेण संपलं. गोठ्यात तीन म्हशी. तो पोपडा अलगद सोडवला तर खालच्या मातीत रक्त मुरलेलं होतं. तिथं थेंबाचा आकारबिकार काहीच उरलेला नव्हता, शेणामातीच्या जमिनीवर आधीच काही उमटत नाही, पण भिंतीच्या बुडाशी, सारवताना हात न पोचलेल्या चार बोटांच्या पट्टीत सात शिंतोडे होते. सगळी केस त्या चार बोटांत होती.

यालाच जोडून मोकळी जागा. सगळीकडं शिंतोडे आणि मधेच एक कोरा तुकडा, म्हणजे तिथं काहीतरी होतं ज्यानं रक्त अडवलं, आणि ते आता तिथं नाही. एका पत्र्याच्या भिंतीवर कोरा तुकडा चौकोनी होता, एका कोपऱ्यात गोलसर. पेटी, असं सगळे म्हणाले. फोटो मापात छापून घेतला तर ते पाण्याच्या जारचं माप बसलं. जार शेजारच्या घरात सापडला, धुऊन ठेवलेला, पण तळाच्या खाचेत रक्त राहिलेलंच.

काठी, कोयता, कुऱ्हाड अशा हत्याराला रक्त लागलं की ते वर उचलताना थेंब सुटतात, आणि ते छताला, आढ्याला, पत्र्याला ओळीनं लागतात. या ओळींवरून किमान किती घाव ते सांगतात, ओळी अधिक एक, कारण पहिल्या घावाच्या आधी हत्यार कोरडं असतं. मी हे जपूनच वापरायचो. हत्यार मागं नेताना एक ओळ आणि पुढं आणताना दुसरी पडू शकते, दोन ओळी एकावर एक बसू शकतात, जड कुऱ्हाडीला आणि हलक्या काठीला वेगळं रक्त धरतं. पीएममध्ये तीन जखमा आणि वर दोन ओळी असल्या तर ‘जुळतंय’ म्हणायचं, त्याच्यापुढं जायचं नाही. पण वर बघायचंच. आपली माणसं घटनास्थळी गेली की जमीन बघतात, भिंत बघतात, मान वर करत नाहीत.

आणि कधीकधी डाग सांगतात की खूनच नाही. परभणी-हिंगोली पट्ट्यातला आखाडा, माणूस मरून पडलेला, बाजेवर रक्त, खाली रक्त, दारात रक्त, भावाशी बांधावरून वाद, गाव म्हणायलंय भावानंच संपवला, भाऊ तोवर पोलीस गाडीत बसवलेला. मी मान वर केली, पत्र्यावर एक थेंब नाही. भिंतीवर शिंतोडे नाहीत. बाजेपासून दारापर्यंत थेंबांची माळ आणि मधे अनवाणी पावलं, जाताना एक आणि परत येताना एक, दोन्ही मयताचीच, उजव्या पायाच्या अंगठ्याला भेग होती ती ठशात दिसत होती. रक्त काळपट, गाठी-गाठी, चहाच्या चोथ्यासारखं काही मिसळलेलं. अंगावर एक खरचटा नाही, तोंड मात्र भरलेलं. दारूनं लिव्हर गेलेल्या माणसाच्या अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटतात आणि माणूस भडाभडा रक्त ओकतो, पीएममध्ये तेच निघालं. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं, त्यातला एक तांब्या जरी जमिनीवर सांडला तरी बघणाऱ्याला बादलीभर वाटतं. भावाला गाडीतून उतरवलं तेव्हा तो माझ्याकडं नाही, त्या पत्र्याकडं बघत उभा राहिला होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, टिकण्याच्या. सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा ‘मानवी रक्त, गट अमुक’ हा अहवाल, तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली थेट पुराव्यात वाचता येतो. पण शिंतोडे बाजेवरून उडाले का उंबऱ्यावरून, हे मत आहे, आणि मत देणारा कोण, त्यानं जागा स्वतः बघितली का फोटोवरून बोलतोय, किती डाग मोजले, कोणते सोडले आणि का सोडले, हे त्याला पिंजऱ्यात विचारल्याशिवाय त्या मताला वजन नाही. १ जुलै २०२४ नंतरचा गुन्हा असेल तर त्याच नव्या संहितेचं कलम १७६(३) बघा, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायचं आणि शूटिंग करायचं असं त्यात आहे, राज्यांना अंमलबजावणीला पाच वर्षांची मुदत दिलीय, म्हणून ‘तज्ज्ञ का नव्हता’ एवढ्यावर केस पडणार नाही, पण शूटिंग झालं असेल तर ते मागून घ्या, पंचनाम्यात जे लिहायचं राहिलं ते त्यात दिसतं.

मुद्देमाल कसा बांधला तेही तपासा. ओले कपडे घडी घालून कॅरीबॅगमध्ये कोंबले की दोन गोष्टी होतात, एक तर बुरशी धरून डीएनए खराब होतो, आणि दुसरं, एका बाजूचा ओला डाग घडीत दुसऱ्या बाजूला छापला जातो. मग प्रयोगशाळेत शर्टावर पाठीपोटाला जोडीनं डाग दिसतात आणि कोणीतरी त्याचा भलताच अर्थ लावतो. कपडा सावलीत वाळवून, मधे कागद घालून, कागदी पाकिटात पाहिजे. शर्ट कोर्टात उघडला की घडीच्या रेषेनं परत घडी घालून बघा, डाग आरशासारखे जुळले तर ते पाकिटात तयार झालेत.

तुमच्या फाइलीत मी काय शोधेन सांगतो. फोटोत डागाशेजारी पट्टी आहे का, आणि कॅमेरा सरळ समोर धरलाय का तिरका, कारण तिरक्या फोटोत गोल डागसुद्धा लांबट दिसतो आणि कोनाचं सगळं गणित बसलं पाण्यात. पश्चिमेची भिंत बाजेपासून किती फुटावर आणि उंबऱ्यापासून किती, कच्च्या नकाशात ते अंतर आहे का. पीएममध्ये डोक्याला जखमा किती, एक का जास्त, कारण एकच जखम असली तर भिंतीवरच्या शिंतोड्यांचा हिशोब सरकार पक्षाला द्यावा लागेल आणि दोन असल्या तर तुमच्या अशिलाला. आणि पंचनाम्यात छताबद्दल एक शब्द तरी आहे का ते बघा, नसेल तर पंचाला पहिला प्रश्न तोच, की तुम्ही वर बघितलं होतं का.